खाली कुणीतरी गप्प उभं राहायला हवं

९ मार्च

मोजपट्टी,

विसरली असशील म्हणून आधी ओळख देते. मी तुझी आजी, तुझ्या बाबाची आई. उंचीला कमी, बोलायला जास्त, डाव्या पायाने जराशी लंगडते. तुझा दोष नाही. आकाशात फिरणाऱ्या त्या तुझ्या लोखंडी पोरांपैकी, म्हणजे उपग्रहांपैकी, कोणतं कुठे आहे हे तुला बोटाबोटाने पाठ असतं. त्या गर्दीत एक म्हातारी डोक्यातून गळून पडली तर नवल काय?

तुझा फोन वाजतो, वाजतो, आणि मग एक बाई सांगते की तू नाहीस. त्या बाईशी माझं तुझ्यापेक्षा जास्त बोलणं झालं आहे. म्हणून कागद. फोन उचलला नाही तरी चालतं, पण दारात पडलेला कागद उचलावाच लागतो, नाहीतर पायात येतो.

मला अक्षर येत नाही. लिहितो आहे तो पोस्टाशेजारचा चष्मेवाला. डोळे तपासायला आले होते. माझ्यासारख्यांसाठी त्याने अक्षरांच्या जागी चित्रांचा तक्ता टांगला आहे. छत्री, मासा, कात्री. शेवटच्या ओळीतली किल्ली मला दिसली नाही, बाकी सगळं दिसलं. त्याला म्हटलं, आलेच आहे तर एक पत्र लिहून दे, आणि मी सांगेन ते लिहायचं, सुधारायचं नाही. 'मोजपट्टी' या शब्दावर त्याने लगेच हरकत घेतली. म्हणाला, खरं नाव सांगा. मी म्हटलं, विहिरीपासून दारापर्यंतचं अंतर पावलांनी मोजून रोज मला ऐकवणारी पोर होती ती, आणि रोज वेगळं यायचं म्हणून रडायची. तिचं हेच खरं नाव.

त्याला आमची हकीकत ठाऊक नाही, म्हणून त्याला सांगावी लागली. तुला ठाऊक आहे, तरी ऐक. डोंगराच्या उतारावर आमचं घर. वर घर, मधे अंगण, खाली माझ्या मुलाची सुतारकामाची शेड. उताराच्या पायथ्याशी रस्ता रुंद करायला घेतला आणि डोंगराचा अंगठा कापला. दुपारी जेवून तो शेडमध्ये गेला. मी अंगणात बसले होते. मोठा आवाज झाला असं सगळे विचारतात, झाला असेल. मला आठवते ती धूळ. धूळ बसली तेव्हा शेड नव्हती आणि शेडखालची जमीन रस्त्यावर पडली होती. दुसऱ्या दिवशी त्याला बाहेर काढलं.

तू आलीस. अंगणातल्या तुझ्या त्या यंत्राच्या खांबाजवळ उभी राहिलीस. खाली पाहिलं नाहीस, आईच्या जवळ गेली नाहीस, ताटाला हात लावला नाहीस, संध्याकाळच्या गाडीने निघून गेलीस. मला वाटलं, दुःखाने जीभ गेली असेल. जाते एखाद्याची. पण जीभ गेली तरी माणूस मान हलवतं.

आता आम्ही दोघीच वर राहतो, मी आणि तुझी आई. नगरपालिकेचा माणूस दारावर लाल कागद चिकटवून गेला. तुझी आई म्हणाली, त्यावर लिहिलंय की राहायचं तर स्वतःच्या जबाबदारीवर राहा. मी म्हटलं, आजवर कुणाच्या जबाबदारीवर राहत होतो? भूगर्भवाला साहेब यंत्र घेऊन येईल आणि जमीन अजून सरकते की थांबली ते सांगेल, पण त्याच्याकडे रांग आहे. डोंगर काही रांगेत उभा राहत नाही.

चष्मेवाला मधेच विचारतो, आजी, रडलात का हो? त्याला म्हटलं, तू आत्ता थेंब घालून काढलंस तेवढंच पाणी. खरं सांगते, काही होत नाही. पायाला मुंग्या आल्या की आपलाच पाय दुसऱ्याचा वाटतो ना, तसं सगळं अंग आहे. दूध उतू जाताना दिसतं, पण ते आपलं दूध आहे हे ध्यानात यायला वेळ लागतो.

उत्तर दे. दोन ओळी चालतील. आकडे लिहिलेस तरी चालेल, कुणाकडून तरी वाचून घेईन.

तुझी आजी

२१ मार्च

मोजपट्टी,

उत्तर आलं नाही. तुझ्याऐवजी तुझ्या बाई आल्या.

तुझ्या कचेरीतल्या वरच्या बाई गं. उंच, केस कापलेले, बोलायच्या आधी घसा खाकरणाऱ्या. सोबत पाने-पेचकस घेतलेला एक माणूस. मी चहा दिला. बाईंनी तो ढवळत ठेवला, प्यायल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आजी, अंगणातलं यंत्र काढून न्यायला आलोय."

"कुणी सांगितलं?"

"तुमच्या नातीनंच लेखी मागणी केली आहे."

मी उठले आणि खांबाच्या चौथऱ्यावर जाऊन बसले. पानेवाला म्हणाला, "आजी, उठता का? आम्हाला परत जायचंय." म्हटलं, "जा की. मी कुठे अडवलंय?" त्याने बाईंकडे पाहिलं, बाईंनी आकाशाकडे. तुमच्या खात्यात सगळे अडचणीत आले की आकाशाकडेच बघतात का?

तो खांब बसवला तो दिवस तुला आठवतो का? तुझ्या बाबाने हौसेने लाकडी साचा करून दिला होता, त्यात सिमेंट ओतलं. वर पांढरी टोपी बसवलीस. मी म्हटलं, घरचं झालं थोडं आणि त्यात हा टोपीवाला पाहुणा. तू मला समोर बसवून समजावलंस. वरची ती पोरं जहाजांना, विमानांना, मोटारींना सांगतात, तुम्ही इथे आहात. पण ती पोरं स्वतः कुठे आहेत हे त्यांना कोण सांगणार? ती तर सतत पळत असतात. पृथ्वी नीट गोल नाही म्हणून ओढ कमीजास्त, चंद्र एकीकडे ओढतो, सूर्य दुसरीकडे, आणि वर ऊनही त्यांना ढकलतं. मी विचारलं, ऊन ढकलतं तर मी अंगणात बसते तेव्हा मागे का सरकत नाही? तू म्हणालीस, तू जड आहेस आजी. फार हसलो तेव्हा.

मग म्हणालीस, आजी, वरचं सगळं पळतं, म्हणून खाली कुणीतरी गप्प उभं राहायला हवं. जगभर असे खांब आहेत. ते सगळे वरच्यांचा आवाज ऐकतात, आणि त्यांच्या ऐकण्यावरून आम्ही हिशेब करतो की वरचं प्रत्येक पोर कुठे होतं आणि उद्या कुठे असेल. मी म्हटलं, म्हणजे मी रोज दारात बसते तशी चौकी. तू म्हणालीस, तशीच.

ती चौकी मी सांभाळली. टोपीवर पक्षी बसले की काठी आपटायची, कपडे त्या बाजूला वाळत घालायचे नाहीत, झाडाची फांदी वाढली की तुझ्या बाबाला सांगून तोडायची. बोळात त्या खांबाच्या यंत्राची पेटी आहे, तिचा हिरवा दिवा लागला आहे की नाही ते सकाळी बघायचं. अजून बघते. हिरवाच आहे.

बाई माझ्याशेजारी चौथऱ्यावर बसल्या. म्हणाल्या, "तिला इथं बघवत नाही, आजी." आणि मग जे सांगितलं ते तुझ्या तोंडून ऐकायला हवं होतं.

शेड पडायच्या कितीतरी आधीपासून आपला खांब सरकत होता. रोज केसभर, खालच्या अंगाला. पण तुमच्या हिशेबात खांब सरकत नसतात. बाकीचे शेकडो खांब एक सांगत असताना एकच खांब वेगळं सांगायला लागला, तर यंत्र म्हणतं, हा आजारी आहे, आज याचं ऐकू नका. आणि त्याला बाजूला ठेवतं. सकाळी कामावर जो असेल त्याने फक्त हो म्हणायचं. बाकीचे खांब पुरेसे असतात, कुणावाचून अडत नाही. आणि त्या सगळ्या सकाळी कामावर तू होतीस.

मी विचारलं, "म्हणजे आकाशातलं गणित तेव्हा चुकलं का?"

"नाही हो. उलट त्या दिवसांत फार चोख आलं."

म्हणजे वरचं सगळं बरोबर होतं. जहाजं पोचली, विमानं उतरली. आम्ही तेवढे चुकीचे निघालो, म्हणून आम्हाला गाळलं.

चष्मेवाल्याने इथे पेन ठेवलं आणि दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं काहीतरी म्हणाला. त्याला म्हटलं, म्हणी माझ्या मला येतात, तू लिही.

मी बाईंना सरळ विचारलं. आता जमीन सरकते की थांबली? हे यंत्र दिवसरात्र इथे उभं आहे, हिरवा दिवा लावून. भूगर्भवाल्याची रांग कशाला? त्या खाकरल्या. म्हणाल्या, आमचं काम आकाशाचं, जमीन दुसऱ्या खात्याकडे. तुमचा खांब आता मोजणीतच नाही. त्याला विचारायचं तर गणित उलटं मांडावं लागतं. एरवी आम्ही जमिनीवर विश्वास ठेवून आकाश शोधतो, तसं आता आकाशावर विश्वास ठेवून तुमचं अंगण शोधायचं. खात्याकडून हुकूम निघायला वेळ लागेल. मग हळूच म्हणाल्या, "तिनं मनावर घेतलं तर एका सकाळचं काम आहे. पण तो खांब दिसला की ती खुर्चीवरून उठून जाते."

पानेवाला हात हलवत परत गेला. खांब आहे तिथेच आहे.

तुझी आई स्वयंपाकघरात होती आणि तिने सगळं ऐकलं. कढई घासत होती. बाई गेल्या तरी घासतच होती. त्या दिवसापासून तिने तुझं नाव काढलेलं नाही. मी काढलं तर उठून बाहेर जाते. तू खांब पाहून उठतेस, ती नाव ऐकून उठते, आणि मी एकटीच बसून आहे. दोघी मायलेकी शोभता.

तिचं म्हणणं एवढंच की नक्की कळेपर्यंत घर सोडणार नाही. अंदाजावर बिऱ्हाड हलवणार नाही. नगरपालिकेचा माणूस अंदाज सांगतो, शेजारी अंदाज सांगतात. तिला नक्की हवं. आणि नक्की सांगणारं माणूस आमच्या घरात एकच जन्मलं.

तेव्हा आम्हाला परत मोजणीत घे. माफी मागू नकोस, मला त्याचं काय करायचं? सरकतो आहोत की नाही, एवढं सांग.

आजी

३ एप्रिल

मोजपट्टी,

अक्षर ओळखलंस ना? मला ओळखता येत नाही, पण तुला येईल. शाळेत तुझ्या वह्यांना कव्हरं घालून त्यावर याच हाताने नाव घातलं होतं.

चष्मेवाल्याकडे निघाले होते. तुझी आई दारात आली आणि म्हणाली, "एवढ्या उन्हात कुठे निघालात? बसा. मी लिहिते."  एक शब्द बोलले असते तर तिचा विचार बदलला असता. गुमान परत फिरले, स्टुलावर बसले. तिने कागद घेतला, पेन दोनदा झटकलं आणि खाली मान घालून म्हणाली, "सांगा."

आता मजा अशी की मी तिच्याबद्दल सांगायचं आणि तिने ते लिहायचं. सांगते, बघू लिहिते का. तुझी आई नीट जेवत नाही. लिहिलंस? ती म्हणते, लिहिलं. दुपारी अंगणाच्या कडेला जाऊन उभी राहते, जिथून खालचं दिसतं. म्हणते, हे खोटं आहे. खोटं नाही, मी खिडकीतून बघते. ते पण लिही.

बोळात एक भेग आहे. माझ्या खोलीच्या उंबऱ्यापासून पेटीपर्यंत गेलेली. पहिल्यांदा पाहिली तेव्हा कोटाचं बटण त्यात उभं अडकायचं. परवा बटण आत पडलं. तुझी आई म्हणाली, जुनं घर आहे, उन्हाने तडकतं. मी म्हटलं, असेल. दोघींनी एकमेकींकडे बघितलं नाही.

मग मी तुझ्याबद्दल सांगायला लागले. सांगितलं, लिही, तू रोज सकाळी हो म्हणत गेलीस. तिने पेन थांबवलं. मला वाटलं, आता ही उठणार. उठली नाही. कागदाकडे बघत म्हणाली, "ह्यांनी तरी काय वेगळं केलं?"

"कुणी?"

"ह्यांनी हो."

म्हणजे तुझ्या बाबाने. नवऱ्याबद्दल ती अपघातानंतर पहिल्यांदा बोलत होती, म्हणून मी श्वाससुद्धा हळू घेतला. पुढचे शब्द तिचे आहेत, माझे नव्हेत. मी तिला तेच लिहायला लावलं.

"शेडचं दार अडकायला लागलं होतं. वरच्या कोपऱ्यात घासायचं. हे म्हणाले, ओलीनं फुगलंय. बिजागरी सोडून दार काढलं, रंधा मारला, परत बसवलं. आठवड्यानं पुन्हा अडकलं. पुन्हा काढलं, पुन्हा तासलं. मी दार धरून उभी असायची, भुसा माझ्या पायावर पडायचा. मी म्हटलं, दाराचं आता फळकूट होईल. तर म्हणाले, लाकडाची जातच वाईट निघाली. ओळंबा तिथेच खिळ्याला टांगलेला होता. चौकटीला एकदा लावून बघितला असता तर कळलं असतं की दार सरळ आहे, भिंत कलली आहे. दुसऱ्याच्या घरी गेले की आधी ओळंबा लावायचे. स्वतःच्या शेडला कशाला लावतील? ती स्वतःच्या हातानं उभी केलेली."

मग म्हणाली, "दार चुकलं असं वाटतं माणसाला. जमीन चुकली असं कुणाला वाटतं?"

मी म्हटलं, "हे लिही."

म्हणाली, "लिहिलं."

लिहिलं आहे हे मला पटलं, कारण अक्षरं एकाएकी बारीक झाली. मला वाचता येत नाही, दिसतं तर खरं. नवा चष्मा आहे.

तर असं. बापाने दार तासलं, लेकीने खांब वगळला. दोघांची कामं चोख, दोघांना कुणी नावं ठेवली नसती. शेवटच्या दुपारी ते दार अडकलं होतं की त्याने उघडायचा प्रयत्नच केला नाही, हे कुणालाच माहीत नाही आणि आता विचारायचंही नाही. आपलेच दात, आपलेच ओठ, कुणाला बोल लावायचा? त्याच्यावर रागवायला तो नाही. तू आहेस, म्हणून तुझी आई तुझ्यावर रागावली होती. हे वाक्य तिला लिहायचं नव्हतं. मी म्हटलं, तू नुसता हात आहेस, हाताने मत द्यायचं नाही.

तरी एक सांगते. तुझ्या बाबाला ओळंबा लावायची दुसरी संधी मिळाली नाही. तुला मिळते आहे. खांब उभा आहे, दिवा हिरवा आहे, भेगेत बटण पडलं आहे. तू खुर्चीवरून उठून जातेस त्या वेळी आम्ही दोघी या भेगेच्या अलीकडे-पलीकडे झोपतो. मी अलीकडे, तुझी आई पलीकडे, कड्याच्या अंगाला. जागा बदल म्हटलं तर ऐकत नाही. म्हणते, तिकडे वारा येतो.

मला मरणाची भीती वाटते का, तर नाही. सध्या कशाचीच वाटत नाही, त्यात माझी काही मर्दुमकी नाही. पण तुझ्या आईचं वय अजून भीती वाटण्याचं आहे, आणि तिलाही वाटत नाही. हे बरं नव्हे.

हिला विचारलं, तुझं काही लिहायचं आहे का शेवटी? म्हणाली, नाही. मग कागद घडी घालायला घेतला आणि घडी मोडून काहीतरी लिहिलं. मला वाचून दाखवत नाही. शिव्या असतील तर खाऊन घे, दुसरं काही असेल तर मला कळव.

आजी

२० एप्रिल

मोजपट्टी,

हे पत्र नव्या जागेतून. सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खाली दिवसभर हवा भरतात, फुस्स फुस्स, जणू कुणी सारखं उसासे टाकतंय. मी दुकानदाराला म्हटलं, उसासे टाकायची पाळी आमची, तुझं काय चाललंय? त्याला विनोद कळला नाही. घाबरून खुर्ची आणून दिली. लिहिणारा हात तुझ्या आईचाच आहे.

तुझा फोन आला ते तुला माहीत आहे, पण फोनच्या या टोकाला काय झालं ते माहीत नाही, म्हणून सांगते. आम्ही सकाळी डाळ निवडत होतो. फोन वाजला. तुझ्या आईने नाव पाहिलं आणि तो तिथेच ठेवला. मी म्हटलं, उचल, नाहीतर मी उचलीन आणि मला बंद कसा करायचा ते येत नाही. तिने उचलला. तुझा आवाज इतका मोठा होता की मला डाळीपर्यंत ऐकू आला.

"आई, ऐक. जमीन हलतेय. थांबलेली नाही, आता जास्त हलतेय. मी दोनदा मांडून बघितलं. आजीला घेऊन आत्ता बाहेर पड."

आणि तुझी आई म्हणाली, "जेवलीस का?"

 तू म्हणालीस, "नाही."

"आधी जेव. आम्ही निघतो."

एवढंच. इतक्या दिवसांनी मायलेकी बोलल्या त्या अशा. पुढे ती उठली आणि जी बाई बिऱ्हाड हलवायला तयार नव्हती तिने दिवस मावळायच्या आत घर रिकामं केलं. शेजाऱ्याने टेम्पो आणला. गाद्या, भांडी, कपडे, आणि मातीतून काढलेली तुझ्या बाबाची हत्यारं, चिखल न धुता तशीच पोत्यात. ती पोती तिने कुणाला उचलू दिली नाहीत. माझं स्टूल राहिलं. आठवण झाली तेव्हा टेम्पो वळणावर होता. म्हटलं, राहू दे, घराला बसायला काहीतरी लागेल.

त्यानंतर घराने आमची फजिती केली. चार दिवस गेले, आठ दिवस गेले, घर आपलं उभं. शेजारीण येऊन म्हणाली, उगाच घाईने निघालात हो, नात उंटावरून शेळ्या हाकते आणि तुम्ही पळता. तुझी आई तिला म्हणाली, "माझी मुलगी हाकत नाही. मोजते." मी तोंडात पदर धरला. शेजारणीला पाणीसुद्धा विचारलं नाही.

गेल्या बुधवारी तुझ्या आईची खोली गेली. कड्याकडची, वारा येणारी. सकाळी गेली, कुणी तिथे नव्हतं. फार आवाज झाला म्हणे. आम्ही बघायला गेलो. भिंत अर्धी होती आणि त्यावर तुझ्या आईच्या कपड्यांची खुंटी तशीच. ती बघत राहिली. मी तिचा हात धरला. हात गार होता, माझाही. दोघींपैकी कुणीच रडलं नाही. येताना दुकानातून साबण घेतला.

खांब अजून आहे. कलला आहे, दारू प्यायल्यासारखा, पण टोपी डोक्यावर आहे आणि तू म्हणतेस की तो अजून बोलतो. तुझ्या बाई फोनवर म्हणाल्या की तुमच्या नातीने नवा नियम मागितला आहे. आता एखादा खांब वेगळं सांगायला लागला तर त्याला नुसतं बाजूला ठेवायचं नाही. कुणीतरी खुर्चीवर बसून विचारायचं, बाबा रे, तू असं का म्हणतोस? बाई म्हणाल्या, त्याने काम फार वाढतं. मी म्हटलं, वाढू दे.

आणि तुझा तो सकाळचा फोन. मी झोपेचं सोंग घेऊन ऐकते. तुझी आई म्हणते, "बोल." तू एक आकडा सांगतेस, घर रात्रीत किती सरकलं त्याचा. ती म्हणते, "बरं." आणि फोन ठेवता. ना कशी आहेस, ना काय चाललंय. जगात कुठल्या मायलेकी अशा बोलत असतील मला माहीत नाही. मी एकदा तिला म्हटलं, घर तर सोडलं, आता ते किती सरकतं याच्याशी आपल्याला काय करायचं? म्हणाली, "तिला सांगायचं असतं."

काल तू आकडा सांगितलास आणि ती बरं म्हणाली, पण फोन ठेवला नाही. तूही ठेवला नाहीस. खाली सायकलवाला हवा भरत होता. ती फोन कानाला लावून खिडकीबाहेर बघत होती.  माझा चहा गार झाला तरी मी उठले नाही. उठले असते तर सोंग उघडं पडलं असतं.

मला अजून काही होत नाही. कधी होईल ते बघू. घाई नाही. झालं की कळवीन.

आता कामाचं. आक्रोड पाठव. अख्खे, कवचासकट. इथे दुकानात फोडलेले मिळतात, ते खवट असतात. मला एकच दात आहे, तेव्हा माझ्यासाठी नकोत. तुझ्या आईला आवडतात, ती मागणार नाही, आणि हे वाक्य लिहिताना आत्ताच नको नको म्हणते आहे. टणक बघून घे. टणक आक्रोड फोडायला एक ठोकणारं आणि एक धरणारं लागतं. ठोकायला ती आहे. माझे हात कापतात, मला धरता येत नाही. तेव्हा ते कुणाच्या हाती पाठवायचे ते तू बघ.